नफा सगळ्यात शेवटी: छोट्या दुकानाची ३१ मार्चची खाती बंद करण्याची पद्धत

एप्रिल उजाडला की दुकानदार सीएला पहिला प्रश्न विचारतो, "यंदा नफा किती दाखवायचा?" तिथूनच हिशेब बिघडायला लागतो. आधी नफा ठरवला की तो जुळवण्यासाठी मालाचा आकडा वाकवला जातो. मग पुढच्या वर्षीची सुरुवातच खोटी होते. रोकड, बँक, जीएसटी, माल, उधारी आणि देणी एवढं बाहेरच्या पुराव्याशी ताडून घ्या. नफा त्यातून आपोआप निघतो आणि तो कुणापुढेही टिकतो.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान घेऊ. एकट्याची मालकी, नियमित जीएसटी नोंदणी, हिशेब टॅली या संगणक प्रणालीत, वर्षाची विक्री साठ-बासष्ट लाख, बँकेचं कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं फिरतं कर्ज). किराणा, कापड किंवा स्पेअर पार्टचं दुकान असलं तरी क्रम हाच राहतो. एवढ्या विक्रीला आयकराच्या कलम ४४एडीखाली रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून विवरण भरता येतं, मग वह्यांचा खटाटोप कशाला, असं अनेकांना वाटतं. पण आयकरात सूट मिळाली तरी जीएसटी कायद्याला हिशेब लागतो, बँकेला कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला ताळेबंद लागतो, आणि कुणाकडे किती अडकलंय हे तुम्हाला स्वतःलाही कळायला हवं.

एप्रिलमध्ये करता येत नाहीत अशी कामं

बहुतेक नोंदी एप्रिल-मेमध्ये सावकाश करता येतात. काही कामं मात्र तारखेला बांधलेली असतात. ३१ मार्चच्या संध्याकाळी गल्ल्यातली रोकड मोजून कागदावर लिहा आणि सही करा. माल त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यात मोजा. शेवटच्या विक्री बिलाचा नंबर आणि शेवटच्या आवक मालाच्या चलनाचा नंबर टिपून ठेवा, कारण कुठली नोंद कुठल्या वर्षातली हा वाद नंतर याच दोन नंबरांवर मिटतो. पुढच्या वर्षी कंपोझिशनमध्ये (विक्रीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) जायचं असेल तर सीएमपी-०२ हा फॉर्म वर्ष सुरू होण्याआधी भरावा लागतो. परदेशात कर न भरता माल पाठवणाऱ्यांना नव्या वर्षाचं एलयूटी (हमीपत्र) लागतं. १ एप्रिलपासून बिलांची नवी मालिका सुरू करा. बिल नंबर सोळा अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात तो पुन्हा येता कामा नये.

आधी मागचं वर्ष पाहा

सीएने सही केलेला मागच्या वर्षीचा ताळेबंद घ्या आणि टॅलीत १ एप्रिलची आरंभीची शिल्लक उघडा. प्रत्येक खातं ताडून पाहा. निम्म्या दुकानांत इथेच फरक निघतो. सीएने घसारा (वस्तूंच्या झिजेची वजावट), थकीत खर्च, करतरतूद अशा शेवटच्या नोंदी त्याच्या संगणकावर केलेल्या असतात आणि तुमच्या टॅलीत त्या कधी आलेल्याच नसतात. दुसरं कारण जरा वाईट आहे. टॅलीत नवं वर्ष वेगळी कंपनी न उघडता पुढे चालू राहतं. त्यामुळे कुणी मागच्या वर्षातलं एखादं व्हाउचर दुरुस्त केलं किंवा उडवलं, तर यंदाची आरंभीची शिल्लक गुपचूप बदलते. हा फरक मिटल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढची सगळी मेहनत चुकीच्या पायावर होईल.

रोकड

कॅश लेजर (रोकडीचं खातं) उघडा, रनिंग बॅलन्स (प्रत्येक नोंदीनंतरची शिल्लक) चालू करा आणि वर्षभरात शिल्लक कुठल्या दिवशी उणे गेली ते शोधा. गल्ला उणे असू शकत नाही. तसं दिसत असेल तर एटीएममधून काढलेली रक्कम नोंदलेली नसते, रोखीची विक्री उशिरा टाकलेली असते, किंवा घरातले पैसे दुकानात घालून त्यांची नोंद राहून गेलेली असते. यातलं खरं कारण शोधून तीच नोंद करा. पुष्कळ जण अशा वेळी 'हातउसने' म्हणून कुणाच्या तरी नावावर रोख रक्कम दाखवतात. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख उसनवार घेतली तर कलम २६९एसएसचा भंग होतो आणि दंड त्या रकमेएवढाच असतो. चार हजारांचं भोक बुजवायला तीस हजारांचा खड्डा खणण्याचा हा प्रकार आहे.

त्याच लेजरमध्ये एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च शोधा. कलम ४०ए(३) खाली तो नामंजूर होतो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा पस्तीस हजार आहे. आता ते बदलता येणार नाही, पण सीएला आधी सांगितलेलं बरं.

बँक, क्यूआर आणि हप्ते

प्रत्येक खात्याचं ३१ मार्चपर्यंतचं स्टेटमेंट घेऊन बँक रिकन्सिलिएशन करा, म्हणजे ते वहीतल्या बँकखात्याशी जुळवा. पतसंस्थेचं पिग्मी खातंही सोडू नका. रोजच्या गल्ल्यातून जाणारे ते शे-दोनशे रुपये वर्षाअखेर मोठी रक्कम होतात आणि खर्चात टाकलेले सापडतात. ती तुमची ठेव आहे, खर्च नाही. दिलेला पण वठलेला नसलेला चेक यादीत राहतो. तीन महिन्यांहून जुना असेल तर तो शिळा झाला, त्याची नोंद उलटवून पार्टीचं देणं पुन्हा उभं करा.

क्यूआर कोडवर ३१ मार्चला आलेले पैसे काही ॲपमध्ये १ एप्रिलला खात्यात पडतात. त्यासाठी 'क्यूआर येणे' असं वेगळं लेजर ठेवा: विक्री ३१ मार्चची, जमा १ एप्रिलची. कार्ड मशीनचे पैसे कमिशन कापून येतात, म्हणून विक्री पूर्ण रकमेची धरा आणि कमिशन खर्चात टाका. जमा झालेला आकडाच विक्री धरला तर जीएसटीतली विक्री कमी पडते.

टेम्पोच्या किंवा दुकानाच्या कर्जाचा हप्ता पूर्णच्या पूर्ण कर्जखात्याला नावे (डेबिट) टाकण्याची चूक सर्वत्र दिसते. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या, वर्षभराचं व्याज खर्चात घ्या. कर्जखात्याची शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे.

जीएसटी

विक्रीकडून सुरू करा. टॅलीतली महिनावार विक्री, जीएसटीआर-१ (विक्री बिलांचं रिटर्न) आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) हे तीन आकडे शेजारी मांडा. फरक बहुधा क्रेडिट नोटमध्ये (माल परत आल्यावर किंवा सूट दिल्यावर रक्कम कमी करणारी चिठ्ठी) किंवा एका महिन्यात राहून दुसऱ्या महिन्यात टाकलेल्या बिलात असतो. २०२५-२६ साठी आणखी एक ठिकाण तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले, सिमेंट २८ वरून १८ वर आलं. त्याआधी विकलेला माल त्यानंतर परत आला असेल, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने निघायला हवी. आयटम मास्टरमध्ये (टॅलीतल्या वस्तूंच्या यादीत) नवा दर बसवल्यावर टॅलीने ती १८ टक्क्यांनी काढलेली असू शकते.

खरेदी जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी तुमच्या खरेदीची यादी) ताडताना तीन गठ्ठे पडतात. दोन्हीकडे असलेली बिलं ठीक. वहीत आहे पण २बीमध्ये नाही, अशा बिलांच्या पार्ट्यांना लगेच फोन करा. त्यांनी रिटर्न भरलेलं नसतं, नंबर चुकवलेला असतो किंवा तुम्हाला बिननोंदणीचं गिऱ्हाईक समजून बिल टाकलेलं असतं. २बीमध्ये आहे पण वहीत नाही, हा गठ्ठा सर्वांत मोलाचा. त्यात तुमची हरवलेली बिलं असतात, तर कधी दुसऱ्याच कुणाचं बिल चुकून तुमच्या नंबरवर आलेलं असतं. मागच्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) आणि दुरुस्त्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या रिटर्नमध्ये घेता येतात, त्यानंतर हक्क संपतो.

बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नसतील, तर त्या बिलाचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. भाड्याचं दुकान असेल आणि घरमालकाची जीएसटी नोंदणी नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावर रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर तुम्हीच भरायचा असतो. तो क्रेडिटमधून वळता होत नाही. आधी रोख भरावा लागतो आणि मग त्याचं क्रेडिट मिळतं. हे बारा महिने तपासा. शेवटी पोर्टलवरच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरची शिल्लक आणि टॅलीतल्या जीएसटी लेजरची शिल्लक जुळवा. मार्चचं ३बी एप्रिलमध्ये भरलं जातं, म्हणून त्याचा वळता करण्याचा हिशेब ३१ मार्चच्या तारखेने मांडल्यावरच ही जुळणी लागते.

माल

नफ्यावर सगळ्यात जास्त जोर याच आकड्याचा असतो. मालात तीन लाखांची चूक झाली की नफ्यातही तीन लाखांची होते.

मोजणीला दोन माणसं लावा, एक मोजेल आणि एक लिहील. प्रत्येक फडताळाला नंबर चिकटवा, मोजून झालं की खडूने खूण करा. टॅलीतला आकडा मोजणाऱ्याला देऊ नका, दिला की तोच लिहून येतो. एकक आधी ठरवा: खिळे किलोत, वायर मीटरमध्ये (पूर्ण कॉइल ९० मीटरची, उघडलेली मोजावी लागते), रंग डब्यांच्या मापाप्रमाणे वेगळा, एल्बो आणि टी नगात. बॉक्स की नग या घोळातून एकट्या फिटिंगमध्ये हजारोंचा फरक पडतो. टॅलीच्या एक्सेप्शन रिपोर्टमध्ये निगेटिव्ह स्टॉक दाखवणारे आयटम आधी काढून घ्या. त्यातले बरेच एकाच वस्तूला दोन नावं दिल्यामुळे तयार झालेले असतात.

गिऱ्हाइकाने बिल करून ठेवलेला पण न उचललेला माल तुमचा नाही, तो मोजू नका. साइटवर ठेकेदाराकडे गेलेला, बिल न झालेला माल तुमचाच. खरेदी बिल २९ मार्चला वहीत घेतलं आणि ट्रक २ एप्रिलला आला, तर तो माल फडताळावर नसला तरी साठ्यात धरा. उलट, माल आलाय पण बिल नोंदलेलं नाही, तर एकतर बिल नोंदा किंवा माल वगळा. मोजणी ५ एप्रिलला होणार असेल तर १ ते ५ तारखेदरम्यान विकलेला माल खरेदी किमतीने मिळवा आणि त्या काळात आलेला वजा करा.

किंमत लावताना खरेदी किंमत, त्यावर वाहतूक आणि हमाली, त्यातून ट्रेड डिस्काउंट वजा. क्रेडिट घेतलेला जीएसटी धरायचा नाही. दहावर एक फुकट मिळाला असेल तर दहाच्या पैशांत अकरा नग भागा. विक्री किमतीने माल लावणं ही सर्वांत महागडी चूक आहे. जो नफा अजून झालेलाच नाही त्यावर तुम्ही कर भरता. पद्धत फिफो (आधी आलेला माल आधी विकला असं धरणं) किंवा भारित सरासरी, कुठलीही चालेल, पण दरवर्षी तीच हवी.

घट्ट झालेल्या सिमेंटच्या गोण्या, ओल लागलेली पुट्टी, मुदत संपलेला रंग, गिऱ्हाइकाने शेड करून घेतलेला आणि न नेलेला डबा, हे वेगळे काढा. स्वस्तात विकता येईल तो माल त्या कमी किमतीने लावा. फेकून द्यायचा असेल तर किंमत शून्य, आणि त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करायचं. फोटो काढून, यादी करून, तारीख टाकून फाइलला लावा.

आता ताळा. समजा आरंभीचा माल ८,४०,०००, खरेदी ५२,००,०००, वाहतूक-हमाली ६०,०००, विक्री ६१,५०,००० आणि मोजलेला अखेरचा माल ९,५०,०००. विकलेल्या मालाची किंमत ५१,५०,००० येते, म्हणजे ढोबळ नफा १०,००,०००, विक्रीच्या १६.२६ टक्के. मागची तीन वर्षं हे प्रमाण १६ ते १७ असेल तर आकडा पटतो. तोच माल १२,५०,००० लिहिला तर प्रमाण २१ टक्क्यांवर जातं. भाव, डिस्काउंट किंवा गिऱ्हाईक बदललेलं नसताना पाच टक्के कुठून येतील? अशा वेळी खरेदीचं बिल राहिलंय का, एखादं फडताळ दोनदा मोजलंय का, जीएसटीसह किंमत लागलीय का, या क्रमाने शोधा. प्रमाण घसरलं तर फुकट वापरलेला माल, चोरी आणि बिलाशिवाय झालेली विक्री तपासावी लागते.

कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेलं मार्चचं स्टॉक स्टेटमेंटही याच आकड्याशी जुळायला हवं. बँकेला चौदा लाखांचा माल आणि ताळेबंदात साडेनऊ, ही तफावत नूतनीकरणाच्या वेळी नडते आणि आयकराच्या चौकशीतही.

उधारी आणि देणी

प्रत्येक मोठ्या येणेकऱ्याला (ज्याच्याकडून पैसे यायचेत) त्याचा खातेउतारा व्हॉट्सॲपवर पाठवून शिल्लक मान्य करून घ्या, जमल्यास सहीसह. याचा कायदेशीर फायदाही आहे. उधारीवर दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी उधारी घेणाऱ्याने सहीनिशी देणं मान्य केलं तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. येणेकऱ्यांच्या यादीत जमा शिल्लक दिसली तर तो ॲडव्हान्स आहे किंवा बिल राहिलंय. पुरवठादारांच्या यादीत नावे शिल्लक दिसली तर एकाच बिलाचे दोनदा पैसे गेलेत का ते पाहा.

बुडालेली उधारी वहीत प्रत्यक्ष बुडीत म्हणून लिहिली तरच आयकरात वजावट मिळते, नुसती तरतूद चालत नाही. त्या विक्रीवर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही.

देण्यांमध्ये कलम ४३बी(एच) तपासा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस) आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. करार नाही आणि माल १० मार्चला घेतलाय, तर मुदत २५ मार्चला संपली. एप्रिलमध्ये पैसे दिले तर ती खरेदी यंदाच्या खर्चातून निघते आणि पैसे दिले त्या वर्षी मिळते. माल २० मार्चचा असेल तर मुदत ४ एप्रिलपर्यंत आहे, तोवर दिले तर यंदाच वजावट. नुसता व्यापार करणाऱ्या डीलरकडून घेतलेल्या मालाला हे लागू नाही, म्हणून पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागवून त्यात उत्पादक लिहिलंय की व्यापारी ते पाहा. ४४एडीखाली जाणाऱ्यांना याचा त्रास होत नाही. ही कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत आणि २०२५-२६ ला तीच लागतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला असून त्यात क्रमांक वेगळे आहेत.

अखेरच्या नोंदी

भाडं, पगार, वीज, फोन: प्रत्येक मासिक खर्चाचे बारा आकडे मोजा. अकरा असतील तर एक राहिला, तेरा असतील तर मागच्या वर्षाचा एक घुसला. महावितरणचं मार्चच्या वापराचं बिल एप्रिलमध्ये येतं, ते 'देय वीजबिल' म्हणून ३१ मार्चला धरा. दुकानाचा विमा १ ऑक्टोबरला १८,००० रुपयांना वर्षासाठी घेतला असेल तर ९,००० पुढच्या वर्षाचे, ते आगाऊ खर्चात ठेवा. रंग कंपनीची वार्षिक टार्गेटची क्रेडिट नोट एप्रिलमध्ये आली तरी उत्पन्न जुन्या वर्षाचं. महाराष्ट्रात पीटीईसीचे (मालकाच्या व्यवसाय कराचे) २,५०० रुपये ३० जूनपूर्वी भरलेत का तेही याच वेळी पाहून घ्या.

घसारा आयकराच्या दराने: फर्निचर १० टक्के, यंत्रं १५, संगणक ४०. वस्तू वापरात येऊन १८० दिवसांपेक्षा कमी झाले असतील तर निम्मा दर, म्हणजे साधारणपणे ४ ऑक्टोबरला किंवा त्यानंतर वापरात आलेल्या वस्तूला. क्रेडिट घेतलेला जीएसटी वस्तूच्या किमतीत धरू नका.

घरचं वीजबिल, मुलांची फी, एलआयसीचा हप्ता, आयकर, हे सगळं उचल खात्यात (मालकाने स्वतःसाठी काढलेल्या पैशांच्या खात्यात) जातं. एकट्या मालकाचा स्वतःचा पगार खर्चात धरता येत नाही. उचल अगदीच कमी दिसत असेल तर घर कशावर चालतं, हा प्रश्न अधिकारी नक्की विचारतो.

तेरीज आणि कुलूप

आता तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, ट्रायल बॅलन्स) काढा. सस्पेन्स खातं (उलगडा न झालेल्या नोंदींचं) शून्य हवं, आरंभीच्या शिलकेत फरक दिसता कामा नये. नफा-तोटा पत्रक मागच्या वर्षाशेजारी ठेवा आणि वीस टक्क्यांहून जास्त हललेल्या प्रत्येक खात्यासमोर एका ओळीत कारण लिहा. हा कागद सीएकडे गेला की त्याचे निम्मे फोन वाचतात.

सीएने अंतिम केल्यावर त्याच्या सगळ्या नोंदी तुमच्या टॅलीत ३१ मार्चच्या तारखेने टाका, तेरीज आणि ताळेबंदाची पीडीएफ काढा, बॅकअप दुकानाबाहेरही एक ठेवा. जुन्या वर्षात नोंदी बदलण्याचा अधिकार दुकानातल्या इतर लॉगिनना ठेवू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पेट्रोल पंप आणि कुरिअरची थर्मल कागदावरची बिलं त्याआधीच कोरी होतात, ती स्कॅन करून ठेवा.

एप्रिलमध्ये महावितरणचं बिल भराल तेव्हा ते पुन्हा वीजखर्चाला टाकू नका, 'देय वीजबिल' खात्याला नावे टाका. धरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष बिल यांत शे-पन्नासचा फरक आला तर तेवढाच नव्या वर्षाच्या खर्चात जाऊ द्या.